फाँत्रोलच्या नळावरची पाटी

खोक्यातून पाटी बाहेर काढली तेव्हाच मार्सलँ बोर्दसूलला तिचा तिटकारा आला. ताटाएवढी, निळी, चकचकीत. मध्ये पाण्याचा पेला आणि पेल्यावर तिरकी तांबडी रेघ. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पाणी पिण्यायोग्य नाही’.

“ही कुठं लावायची?” त्यानं विचारलं.

“कबरस्तानात. नळावर,” मेयर रेजी वोझेल म्हणाला आणि टेबलावरचे कागद उगाचच सरळ करू लागला.

“पण ते पाणी चांगलं आहे.”

“ते मलाही माहीत आहे.”

“तुमच्या स्वयंपाकघरात येतं ना मेयरसाहेब, तेच पाणी. चौकातून वर जाणाऱ्या पाइपलाच तो नळ जोडलाय. जोडला मीच.”

“मार्सलँ, जरा समजून घ्या. झेर्मेनबाईंनी तक्रार केलीय. सायकलवाले येतात, तोकड्या चड्ड्यांवर कबरींमधून हिंडतात, मोजे धुतात आणि त्यांच्या नवऱ्याच्या, एमीलच्या, क्रूसावर वाळत घालतात. आता मी फाटकावर ‘सायकलवाल्यांना मनाई’ असं लिहिलं, तर उद्या पेपरात माझं नाव. जिल्हा हल्ली उठता-बसता पर्यटन म्हणतोय. पाटी लावली की कुणाला नाही म्हणावं लागत नाही. वाचतील आणि पुढं जातील.”

“म्हणजे खोटं लिहायचं.”

“खोटं कसलं? खबरदारी. त्या नळाची वेगळी तपासणी कधी झालीय का? नाही ना? मग ते पिण्याजोगं आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू?”

“मग तुमच्या कॉफीच्या नळाची तरी कधी झालीय?”

कोपऱ्यातल्या टेबलावर गावकचेरीची कारकून मिरेई बसली होती. तिनं चष्म्यावरून वर पाहिलं आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं. आठवड्यातून दोन दिवस, तेही अर्धे, अशी तिची नोकरी. ती वाचवायची तर गप्प बसणं भाग होतं.

मार्सलँनं पाटी काखेला मारली आणि बाहेर पडला.

फाँत्रोल हे फ्रेंच खेडं, वस्ती एक्याण्णव माणसांची. कॅफे बंद होऊन अकरा वर्षं झालेली, पावाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येणार, किराणा हवा तर सोळा किलोमीटर जा. अशा गावाला एकच पगारी कामगार, तो म्हणजे मार्सलँ. रस्त्याच्या कडेचं गवत कापायचं, चर उपसायचे, शिडीवर चढून दिवे बदलायचे, चौदा जुलैच्या राष्ट्रीय सणाला पताका लावायच्या आणि कुणी गेलं की खड्डा खणायचा. एकोणतीस वर्षं तो हेच करत आला होता. एकसष्ट वर्षांचा, बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. गावात त्याला कुणी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

त्या दुपारी त्यानं पाटी लावली. वाद घालायची सवय नव्हती, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि मेयर शेवटी मेयर. पण भिंतीला भोकं पाडताना तो मुद्दाम पाठ करून उभा राहिला. मागं पंधरा पावलांवर जोझेतची कबर होती.

जोझेत म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती गावच्या शाळेत मुलांना जेवण वाढायची. शाळा होती तोवर. लग्न झालं त्या उन्हाळ्यात दोघांकडं जुन्या लोखंडी सायकली होत्या, दुसरं वाहन नव्हतं. म्हणून ती दोघं सायकलीवरूनच फिरायला गेली आणि मग सत्तावीस वर्षं, दर जुलैत तीन आठवडे, तशीच जात राहिली. मोठा रस्ता वर्ज्य. नकाशावर जी वाट सगळ्यांत बारीक पांढरी दिसेल ती धरायची. जोझेतनं दुकानापुढच्या जुन्या कनातीच्या कापडातून पिशव्या शिवल्या होत्या, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. त्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लटकायच्या. एकीत तंबू, दुसरीत कपडे, आणि वर दोरीनं बांधलेला पाव. दिवसाला साठ किलोमीटर झाले की पुष्कळ. गायी बघायच्या, कुणाच्या कुंपणावर ओणवून त्याच्या वाटाण्याचं कौतुक करायचं, दुपारी चेस्टनटच्या सावलीत पाव आणि चीज खाऊन झोपायचं. कोण कुठून आलं, कुठं चाललं, कुणी विचारलं नाही तर सांगायचं नाही.

आणि पाणी कबरस्तानात. दुकान बंद असेल, कॅफे बंद असेल, पाद्री दुसऱ्याच गावी राहत असेल, पण फुलझाडांना घालायला मेलेल्यांच्या दारी नळ हा असतोच. सायकलवरून हिंडणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. जोझेत आत शिरताना मान लववायची, बाटल्या भरायची आणि मग झारी घेऊन जी कुंडी सगळ्यांत सुकलेली असेल तिला पाणी घालायची. कबर कुणाची ते वाचायचीसुद्धा नाही. “भाडं दिलं,” असं म्हणायची.

तिच्यामागं मार्सलँनं सायकली छताला टांगल्या. पण फाँत्रोलच्या नळावर कुणी सायकलवाला बाटली भरताना दिसला की त्याला बरं वाटायचं. तो ट्रॅक्टर थांबवून विचारायचा, कुठून आलात, पुढं कुठं, त्या बाजूनं जाऊ नका, तिकडं ट्रक असतात, या बाजूनं जा. एवढंच बोलणं. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

आता ते थांबलं. जुलैचा पहिलाच आठवडा भाजून काढणारा निघाला. आपण कापलेल्या गवतावर बसून मार्सलँ बघायचा. माणसं उतरायची, सायकली भिंतीला टेकवायची, बाटलीचं बूच काढत नळाशी जायची आणि पाटीपाशी थबकायची. मग बूच पुन्हा बसवायचं, टोपीनं तोंड पुसायचं आणि निघायचं.

एकदा त्यानं एका डच जोडप्याला हाक मारली. “प्या हो! चांगलं आहे! मी रोज पितो!” आणि नळ सोडून, ओंजळ धरून घटाघटा प्यायलासुद्धा.

त्या बाईनं पाटीकडं बोट दाखवलं.

“ती खोटी आहे.”

“खोटी?” नवरा म्हणाला. “मग लावली कुणी?”

मार्सलँनं नळ बंद केला. नवरा-बायको एकमेकांकडं बघून हसली. खेड्यातला म्हातारा, उन्हानं डोकं तापलंय, असं काहीसं ते हसू होतं. “आभारी आहोत,” म्हणून ती निघून गेली. मार्सलँच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी जिवंत माणूस समोर उभा राहून पाणी पिऊन दाखवतोय, आणि विश्वास कशावर, तर पत्र्यावर! घरी जाईपर्यंत तो एकटाच बडबडत होता. पण राग त्यांच्यावर धरता येईना. पत्रा कुणी ठोकला होता?

अकरा ऑगस्टला तो गावापासून सहा किलोमीटरवर, गाढवाचा चढ म्हणतात त्या चढावर चर उपसत होता. दुपारचे दोन वाजलेले. डांबर पाझरत होतं. वळणाच्या पुढं त्याला कडेच्या गवतात एक सायकल आडवी दिसली, पिशव्यांनी भरलेली, आणि तिच्यापलीकडं एक मुलगी. बावीस-तेवीसची असेल. बसली होती की पडली होती, कळेना. चेहरा लालभडक, कातडी कोरडी, आणि ती स्वतःशीच कुठल्यातरी भाषेत आकडे मोजत होती.

मार्सलँनं तिला खांद्याला धरून झाडाखाली ओढलं, स्वतःच्या कॅनमधलं पाणी तिच्या मानेवर, मनगटांवर ओतलं, रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला आणि फोन लावला. आजाऱ्याला न्यायला तिकडं बंबवाल्यांचीच गाडी येते. पंचवीस मिनिटं लागतील, म्हणाले.

“हळू, हळू. एक घोट. बस्स. आता परत एक.” तिच्या सायकलीला दोन बाटल्या होत्या. त्यानं हलवून पाहिल्या. दोन्ही खडखडीत. “पोरी, अगं फाँत्रोलवरूनच आलीस ना? तिथं नळ होता! भरल्या का नाहीस?”

तिनं डोळे उघडले. शाळेत शिकलेल्या फ्रेंचमध्ये, एकेक शब्द शोधत म्हणाली, “होता. पण... पाटी होती.”

मग पुन्हा आकडे मोजू लागली.

गाडी आली. बंबवाल्यांनी तिला आत घेतलं, सुई लावली. त्यांच्यातला एकजण मार्सलँला म्हणाला, “तुम्ही होतात म्हणून. आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता येत नव्हतं.” मार्सलँला वाटलं आपल्या थोबाडीत बसली. सायकल ट्रॅक्टरला बांधून तो गावात आला, तो थेट कबरस्तानात गेला आणि पाटी उतरवली. कामाच्या कपड्यांनीच, बुटांना चिखल, तो गावकचेरीत शिरला. मेयर आतल्या मोरीपाशी उभा राहून कॉफीसाठी भांडं भरत होता.

“सरका,” मार्सलँ म्हणाला.

“काय झालं?”

“सरका म्हणतो ना!”

त्यानं मेयरला कोपरानं बाजूला सारलं, पाटी मोरीच्या वर भिंतीला टेकवली आणि स्क्रू पिळू लागला. प्लास्टर भुरूभुरू खाली पडत होतं.

“मार्सलँ! डोकं फिरलंय का तुमचं?”

“एकच पाइप आहे. एकच पाणी आहे. तिथं विष असेल तर इथंही विष. उद्यापासून कॉफी पिऊ नकोस, रेजी.” इतक्या वर्षांत तो मेयरला कचेरीत पहिल्यांदाच अरेतुरे करत होता. “बावीस वर्षांची पोर आत्ता चरात पडली होती. तुझी पाटी वाचून न पिता गेली. मेली असती! खबरदारी म्हणालास ना? ही तुझी खबरदारी!”

मेयरचा चेहरा उतरला. “आता... आता कशी आहे ती?”

“जगेल म्हणाले.”

“देवाची कृपा.” त्यानं खुर्ची ओढली, बसला.  मग त्याच्यातला मेयर हळूहळू परत आला. “हे बघा, ती उन्हात एकटी निघाली, तिनं पाणी जपून... म्हणजे, सगळाच दोष पाटीचा, असं कोण सिद्ध करणार? आणि तुम्ही सरकारी मालमत्ता अशी परस्पर काढू शकत नाही. ती परत जागेवर लावा. बैठकीत काय तो निर्णय घेऊ.”

मार्सलँनं स्क्रूड्रायव्हर त्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. “तू लाव.”

“हे तुमचं काम आहे.”

“खड्डे खणणं माझं काम. गटारं माझं काम. खोटं बोलणं माझ्या कामात कुठं लिहिलंय ते दाखव. मिरेई, काढ गं माझा नेमणुकीचा कागद, दाखव त्याला.”

मिरेई कपाटाकडं वळली आणि बराच वेळ वळलेलीच राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक.

पाटी मोरीवरच राहिली. परत लावायला गावात दुसरा माणूस नव्हता आणि मेयरला ड्रिल धरता येत नव्हतं. पण आठवडाभरात मार्सलँच्या घरी टपालानं लेखी ताकीद आली. वरिष्ठांशी उद्धट वर्तन, गावच्या मालमत्तेचं नुकसान. एकोणतीस वर्षांतली पहिली. त्यानं ती तीनदा वाचली. प्लास्टरचं नुकसान लिहिलं होतं. मुलीचं नाव कुठंच नव्हतं.

सप्टेंबरात गावपरिषदेच्या सातही सभासदांची बैठक बसली. बघ्यांसाठी मागं बाक असतो. त्यावर बसायला परवानगी, बोलायला नाही. मार्सलँ धुतलेला सदरा घालून बसला होता. त्याच्या शेजारी काठी टेकत झेर्मेन पेरा येऊन बसली. वय शहाऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. तक्रार तिचीच, म्हणून तिच्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

मेयरनं वाचलं, “विषय चौथा. कबरस्तानातल्या नळावरची सूचना तांत्रिक कारणास्तव काढण्यात आली आहे. चर्चा नसेल तर पुढचा—”

“कुठलं तांत्रिक?” झेर्मेनबाईचा आवाज घुमला.

“बाई, बाकावरून बोलता येत नाही.”

“मग उभी राहते.” ती उठली. “मी मोज्यांची तक्रार केली होती, रेजी. मोज्यांची! माझ्या एमीलच्या क्रूसावर कुणाचे घामट मोजे नकोत, एवढंच म्हणाले होते. त्यांना पाणी देऊ नका असं म्हणाले होते का मी? आमच्या घरानं युद्धात वाटसरूंना पाणी दिलंय, ते कोण, कुठले, हे न विचारता. आणि तू माझं नाव पुढं करून तहानलेल्यांना खोटं सांगितलंस? मला विचारलंस का? मोज्यांसाठी एक दोरी बांधली असती तरी भागलं असतं!”

कुणीतरी हसलं. मेयर लाल झाला. “तुमची भावना पोचली, बाई. पुढचा विषय.”

“इतिवृत्तात काय लिहिणार?” आता मार्सलँ उभा होता. “तांत्रिक कारण म्हणजे काय? स्क्रू ढिले झाले होते? पाटी खोटी होती असं लिहा.”

“मार्सलँ, तुम्ही नोकर आहात, सभासद नाही.”

“म्हणूनच खरं बोलायला मोकळा आहे.”

मत घेतलं. चार विरुद्ध तीन. ‘तांत्रिक कारणास्तव’ कायम राहिलं. मिरेईनं खाली मान घालून ते लिहून घेतलं. नळ उघडा झाला, सायकलवाले पुन्हा बाटल्या भरू लागले. गावातल्या लोकांनी मार्सलँच्या पाठीवर थाप मारली. जिंकलास की रे, म्हणाले. जिंकलो? त्याला आत नुसतं जळत होतं. एका माणसाचा जीव जाता जाता राहिला, आणि चूक झाली हा एक शब्द चार माणसांना कागदावर लिहवेना.

जानेवारीत मेयर गावाला नववर्षाच्या शुभेच्छा देतो. सभागृहात सगळे जमले होते. बदामाचे केक कापलेले, पेल्यांत सफरचंदाचं सायडर. मेयरनं भाषण केलं, नवीन दिव्यांचं, बसथांब्याच्या छपराचं. मग खिशातून एक लिफाफा काढला.

“आणि मित्रहो, हे पत्र आपल्या सगळ्यांना अभिमान वाटावा असं आहे. गेल्या उन्हाळ्यात आपल्या हद्दीत आजारी पडलेली ती बेल्जियमची मुलगी, आन्के, तिनं लिहिलंय.” त्यानं वाचायला सुरुवात केली. मुलगी बरी होती, घेंटमध्ये शिकत होती. ट्रॅक्टरवाल्या गृहस्थांचं नाव तिला ठाऊक नव्हतं, त्यांना मनापासून धन्यवाद. सायकल जपून ठेवून पाठवल्याबद्दल गावाला धन्यवाद. “‘आणि नळाचं पाणी चांगलं नाही अशी पाटी तुम्ही लावली होती, याबद्दलही आभार. पुष्कळ गावांत अशी काळजी कुणी घेत नाही. ते पाणी प्याले असते तर आणखी आजारी पडले असते.’”

मेयरनं पत्राची घडी घातली. पापणीसुद्धा लवली नाही. दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या.

मार्सलँनं हातातली केकची बशी खिडकीत ठेवली. 

“हे तू वाचलंस,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण टाळ्या थांबल्या. “हे सगळ्यांसमोर वाचताना तुला लाज नाही वाटली? ती पोर तुझे आभार मानतेय! ज्या पाटीनं तिला मरायला टाकलं तिच्याबद्दल आभार मानतेय, आणि तू ते खिशात घालून मिरवतोस?”

“आजच्या दिवशी नको, मार्सलँ. सणाचा दिवस आहे.”

“मग कुठल्या दिवशी? बैठकीत बोलता येत नाही, कचेरीत बोललं की ताकीद, सणाला सण आहे. खरं बोलायचा वार तरी सांग मला!”

 बरेचजण पेल्यात बघत होते. त्याला गावाचाही राग आला. हीच माणसं पाठीवर थाप मारायला पुढं होती. त्यानं डोकीवर टोपी चढवली आणि निघाला. दाराशी मिरेई आली. लिफाफा तिच्या हातात होता. भाषणाच्या टेबलावरून तिनं कधी उचलला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“मागच्या बाजूला तिचा पत्ता आहे,” ती हळूच म्हणाली. “आणि मार्सलँ, सप्टेंबरात मी लिहायला नको होतं ते.”

“तू काय करणार होतीस?”

“हात दुखतो म्हणाले असते.”

मार्सलँनं आयुष्यात पत्रं लिहिली ती जोझेतला, तीही तो लष्करात होता तेव्हा. या पत्राला त्याला तीन रविवार लागले. पहिल्या दोन वेळा त्यानं मेयरवर इतकं लिहिलं की कागद पुरेना. ते फाडून टाकलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते असं:

‘आन्के बाई, ट्रॅक्टरवाला तो मी. पाणी चांगलं होतं. आमच्या गावात सगळे तेच पितात. सायकलवाल्यांनी थांबू नये म्हणून मेयरनं खोटी पाटी आणली. मला ते खोटं आहे हे माहीत होतं, तरी माझ्या हातांनी मी ती लावली. तुम्ही आभार मानू नयेत. निदान त्या पाटीचे तरी नाही. मी माफी मागतो. मार्सलँ बोर्दसूल.’

फेब्रुवारी गेला. उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, तो मनाशी म्हणायचा, मी तरी दिलं असतं का. मार्चच्या मधल्या एका मंगळवारी पावाच्या गाडीपाशी टपालवालीनं त्याच्या हातात एक कार्ड ठेवलं. कालव्याचं चित्र होतं. मागं निळ्या शाईत, व्याकरण चुकवत लिहिलं होतं:

‘मार्सलँ, तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावर दोन दिवस फार रागावले. मग नाही. कळवलंत हे बरं केलंत. आन्के.’

त्यानं ते तिथंच, पाव काखेत धरून, पुन्हा वाचलं.

“काय रे, चांगली बातमी?” झेर्मेनबाईनं काठीवर रेलत विचारलं.

“दोनच दिवस रागावली म्हणते,” मार्सलँ म्हणाला. “दोनच! फारच कमी झालं.”